एका मोठ्या संख्येचा ताळा

(मासवण केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी एकच संख्या निवडली आहे. ती प्रथम फळ्यावर लिहितो.

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकांची संख्या एकापासून नवापर्यंत पायरीपायरीने चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते. नऊ वेळा एक हा अंक लिहिला असता जी संख्या होते, तिचा हा वर्ग होय. प्राथमिक शाळेत सतरा अंकी संख्येचे काय काम, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. आपली मुले हजार-लाखाच्या हिशेबातच अडखळतात. त्यांच्यापुढे हा डोंगर कशासाठी उभा करावयाचा? ह्याचे उत्तर असे की, ही संख्या दिसावयास मोठी असली तरी तिच्या पोटात जे आहे ते सारे आपल्या शाळेतलेच आहे. स्थानिक किंमत, हातचा, गुणाकाराचा ताळा, विभाज्यतेच्या कसोट्या आणि मूळ अवयव ह्यांच्या पलीकडचे तिच्यात काही नाही. शिवाय गणिताच्या अध्यापनात एक गोष्ट वारंवार निसटून जाते, ती हिच्या साहाय्याने चांगली पकडता येते. ती गोष्ट म्हणजे, एखादी सुंदर रचना दिसली की ‘वा!’ म्हणून थांबावयाचे नसते. ती तशी का आहे आणि कोठवर तशी राहील, हे विचारावयाचे असते.

ह्या संख्येचा अभ्यास करणारे गृहस्थ आपल्याच मुलखातले आणि आपल्याच व्यवसायातले होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या काळी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळाली येथे त्यांनी शाळामास्तर म्हणून काम केले. पुढील पदवी त्यांच्याजवळ नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, गणनयंत्रही नव्हते. कागद, पेन्सिल आणि अंकांवरील विलक्षण प्रेम एवढ्या भांडवलावर त्यांनी जे शोधले, त्याची ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून जगभरच्या वाचकांना करून दिली. ६१७४ ह्या संख्येस जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. १९८६ साली ते निवर्तले.

मुंबईहून सुमारे तीस मैलांवर, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर एक स्थानक होते. आज आपण त्यास डोंबिवली म्हणतो. कापरेकरांच्या लेखनात त्याचे नाव ‘डेम्लो’ असे आहे. तेथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. १६५, २५५३, ४७७७३ ह्या अशा संख्या होत. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि दोन्ही टोकांची बेरीज केली की तोच अंक मिळतो. १ आणि ५ मिळून ६. २ आणि ३ मिळून ५. ४ आणि ३ मिळून ७. आता फळ्यावरील संख्येकडे पाहा. मध्यभागी ९ आहे. डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. ह्या दोहोंची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे सर्व नऊच! डेम्लो संख्यांमध्ये ही माळ सर्वांत प्रसिद्ध आहे.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

येथपर्यंत गणित मुले पाटीवर सहज करतात. पाचवी ओळ न मांडताच ती १२३४५४३२१ असे उत्तर सांगतात, आणि ते बरोबर असते. नेमक्या ह्याच क्षणी शिक्षकाने पुढील प्रश्न विचारावयास हवा. हे असे का होते?

ह्याचे उत्तर चिंचोक्यांनी देता येते. चिंचोके नसतील तर सूर्या नदीच्या पात्रातील बारीक खडे चालतील. चार ओळींत चार-चार चिंचोके मांडून एक चौरस करावा. हा ११११ गुणिले ११११ ह्याचा चौरस होय. गुण्याच्या प्रत्येक एकाने गुणकाच्या प्रत्येक एकाला गुणले की एक चिंचोका मिळतो. एकूण चिंचोके सोळा. आता ह्या चौरसाकडे आडवे किंवा उभे न पाहता तिरपे पाहावे. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर पहिल्या तिरप्या ओळीत एक चिंचोका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत, म्हणजे कर्णावर, चार. मग तीन, दोन, एक. कागदावर गुणाकार मांडताना आपण प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवून लिहितो, ते ह्याचसाठी. सरकवल्यामुळे एकाच स्थानिक किमतीचे अंक एकाखाली एक येतात. चिंचोक्यांच्या चौरसात तेच तिरप्या ओळीत असतात. गुणाकारात ओळ का सरकवावयाची, हे अनेक मुलांना शेवटपर्यंत न कळलेले गूढ असते. ते ह्या एका चौरसाने उलगडते. नऊ गुणिले नऊ असा चौरस मांडला की तिरप्या ओळींत एक ते नऊ आणि पुन्हा एकापर्यंत चिंचोके मिळतात, आणि फळ्यावरील संख्या आपोआप वाचता येते. चिंचोके एकूण ८१. म्हणून तिच्या अंकांची बेरीजही ८१.

आता कोठवर, हा दुसरा प्रश्न. दहा वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला तर? कर्णावर दहा चिंचोके येतील. परंतु एका घरात दहा लिहिता येत नाहीत. तेथे शून्य मांडून एक हातचा पुढे द्यावा लागतो. पुढच्या घरात नऊ होते, त्याचे दहा झाले. तेथेही शून्य आणि हातचा एक. त्याच्या पुढील आठाचे नऊ झाले, आणि हातचा थांबला. उत्तर आले:

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढउताराची सुंदर रचना मोडली. ज्या मुलाने नऊ ओळी पाहून दहावी आंधळेपणाने सांगितली, त्याचे उत्तर चुकले. ज्याने चिंचोके मोजले होते, त्याला ती का मोडली हेही कळले. नऊ वेळा खरे ठरले म्हणून दहाव्या वेळी खरे ठरेलच असे नाही, हा धडा गणिताबाहेरही उपयोगी पडणारा आहे. तो उपदेशाने गळी उतरत नाही, हातच्याने उतरतो.

हा हातचा आणखी एक गोष्ट शिकवून जातो. ह्या नव्या वर्गात चिंचोके शंभर होते; पण उत्तराच्या अंकांची बेरीज करून पाहा, ती ८२ येते. अठरा कोठे गेले? प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातील दहा जातात आणि पुढील घरात एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज नवाने घटते. हातचे दोन झाले, म्हणून दोन वेळा नऊ, म्हणजे अठरा घटले. हातचा कितीही वेळा घ्यावा लागला तरी बेरीज नवाच्या पटीतच बदलते. आपले वडीलधारे हिशेबनीस जो नवाचा ताळा पाहत, त्याचे मर्म हेच. दहा एकांच्या संख्येच्या अंकांची बेरीज १०, तिची पुन्हा बेरीज १. एकाचा वर्ग एक. उत्तराच्या अंकांची बेरीज ८२, तिची १०, तिची १. ताळा जमला.

तथापि नवाचा ताळा सर्वज्ञ नाही, हेही मुलांना सांगावयास हवे. उतारा करताना मधले दोन अंक उलटसुलट झाले आणि कोणी आपली संख्या १२३४५६७८८९७६५४३२१ अशी लिहिली, तर अंकांची बेरीज ८१ ती ८१च राहते. नवाचा ताळा मुकाट्याने मान डोलावतो. हजेरीपत्रकात, गुणपत्रकात, धान्याच्या नोंदवहीत आपल्या हातून होणारी एक नेहमीची चूक हीच, शेजारच्या अंकांची अदलाबदल. तिला पकडणारा ताळा अकराचा आहे. उजवीकडून एकाआड एक अंक घेऊन त्यांची बेरीज करावी आणि उरलेल्या अंकांच्या बेरजेशी ताडून पाहावी. आपल्या संख्येत पहिली बेरीज १ + ३ + ५ + ७ + ९ + ७ + ५ + ३ + १ = ४१, दुसरी २ + ४ + ६ + ८ + ८ + ६ + ४ + २ = ४०. फरक १. मूळ नऊ एकांत पहिली बेरीज ५, दुसरी ४, फरक १. आणि एकाचा वर्ग एक. ताळा जमला. चुकलेल्या उताऱ्यात मात्र ह्या बेरजा ४० आणि ४१ अशा येतात, आणि चूक तत्काळ उघडी पडते. ह्याचे कारणही सोपे आहे. दहा हे अकरापेक्षा एकाने कमी, शंभर हे नव्याण्णवापेक्षा एकाने अधिक, हजार हे एक हजार एकापेक्षा एकाने कमी. म्हणून स्थाने आळीपाळीने वजा आणि अधिक होतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आणि पुस्तकाच्या मागील पानावरील आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक हेही असे ताळ्याचेच अंक आहेत. त्यांचे नियम निराळे आहेत, पण हेतू हाच आहे.

आता अवयवांकडे वळू. नऊ एकांच्या संख्येचे तीन-तीन अंकांचे तुकडे पाडा: १११ १११ १११. म्हणजे ती १११ × १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. म्हणून नऊ एकांची संख्या म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि तिचा वर्ग असलेली आपली मोठी संख्या म्हणजे चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७ ह्यांचा गुणाकार. ३ शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच प्रकारांनी. ३७ तीन प्रकारांनी. ३३३६६७ तीन प्रकारांनी. तेव्हा ह्या संख्येस निःशेष भाग देणाऱ्या संख्या ५ × ३ × ३ = ४५ आहेत.

परंतु ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हे कशावरून? ह्यासाठी ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. कारण ५७८ चा वर्ग ३३४०८४ हा तिच्याहून मोठा आहे. ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६ आहेत. तीस मुलांचा वरचा वर्ग असेल तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन किंवा चार भागाकार येतात. हा प्रयोग मी आग्रहाने सुचवितो. एरवी भागाकाराचे उदाहरण चुकले तर एका मुलाचा एक गुण जातो. येथे एकाने आपला भागाकार हयगयीने केला तर साऱ्या वर्गाचा निष्कर्ष लटका पडतो. आपल्या बेरजेवर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून आहे, ही जाणीव मुलाला कोणत्याही छडीपेक्षा अधिक काळजीपूर्वक हिशेब करावयास लावते.

३७ ने भाग जातो की नाही, हे भागाकार न करताही पाहता येते. ३७ × २७ = ९९९. म्हणून जसे नवासाठी एकेक अंक मिळवावयाचा, तसे ३७ साठी तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून पाडून मिळवावयाचे: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. पुन्हा २ + ९९७ = ९९९. भाग गेला.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या कापरेकरांना फार प्रिय होती. अशा संख्येस त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि चार वेळा ३ म्हणजेच ८१. तेव्हा ही संख्या हर्षद आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. एक ते नऊ एकांच्या नऊ वर्गांपैकी केवळ तीनच हर्षद आहेत: १, १२३२१ आणि ही. बाकीच्या सहा का नाहीत, हे मी सांगत नाही. तो प्रश्न आपण आपसांत सोडवावा.

अशा संख्यांचे कौतुक आपल्या देशात नवे नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात माळेसारखी उत्तरे देणारे गुणाकार आहेत. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची माळ होते. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ होते. ही दुसरी संख्या म्हणजे सहा एकांचा वर्गच. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावे दिली, एकापासून परार्धापर्यंत. त्या मोजणीने आपल्या संख्येचा डावीकडचा पहिला एक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ ह्या स्थानावर बसतो. आजच्या बोलीत ती वाचावयाची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस, अशी वाचावी.

नाव कळले तरी आकार कळत नाही. दर सेकंदाला एक अंक ह्या गतीने अहोरात्र मोजत बसले तर ह्या संख्येपर्यंत पोहोचावयास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. एका किलोत तांदळाचे चाळीस हजार दाणे धरले, तर एवढ्या दाण्यांचे वजन सुमारे ३१ कोटी टन होईल. भारतात वर्षभरात पिकणाऱ्या तांदळाच्या ते दुपटीच्या आसपास आहे. भातशेतीच्या ह्या मुलखात ही तुलना मुलांना चटकन उमगेल.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. एवढी उठाठेव कशास? तर हा गुणाकार संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात करून पाहावा. तो तक्ता पहिले पंधरा अंकच जपून ठेवतो, आणि उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दाखवितो. शेवटचे २१ नाहीसे झाले! एकाने शेवट होणाऱ्या दोन संख्यांच्या गुणाकाराचा शेवट शून्याने होणे शक्य नाही, हे तिसरीतील मूलही सांगेल. पंधराहून अधिक अंकी क्रमांक त्या तक्त्यात संख्या म्हणून भरला तर त्याचेही असेच होते; असे क्रमांक मजकूर म्हणून भरावे लागतात. यंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. यंत्राचाही ताळा पाहता आला पाहिजे, एवढेच म्हणतो.

वर्गात ह्या विषयाची मांडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. तिसरी-चौथीत चिंचोक्यांचा चौरस आणि पहिल्या चार ओळी पुरेत. मोठी संख्या फळ्यावर केवळ पाहावयास ठेवावी.

२. पाचवीच्या पुढे नवाचा आणि अकराचा ताळा शिकवावा. प्रत्येक ताळा कोणती चूक पकडतो आणि कोणती सोडतो, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

३. दहा एकांचा वर्ग मुलांना आधी तोंडी सांगू द्यावा आणि मग करावयास लावावा. चुकीचे उत्तर देणाऱ्यास हसू देऊ नये. त्याच्या उत्तरामुळेच पाठ पुढे जातो.

४. आपल्या भागातील पुष्कळ मुलांची घरची बोली वारली किंवा अन्य आहे. पुस्तकी मराठीत लिहिलेली शाब्दिक उदाहरणे त्यांना दुहेरी जड जातात. अंकांच्या ह्या खेळास शब्द थोडे लागतात, म्हणून जी मुले एरवी गप्प असतात त्यांना येथे प्रथम बोलते करावे, आणि आपल्या बोलीत कारण सांगितले तरी ते पूर्ण मानावे.

५. मुलाने एखादी नवी रचना शोधून आणली, तर ती आधीच कोणाला ठाऊक होती की नाही, हे पाहण्याची घाई करू नये. ती त्याने शोधली आहे, तेव्हा तिचे कारण शोधण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवावे.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. केवळ एक ह्या अंकाच्या पुनरावृत्तीने होणाऱ्या संख्यांपैकी दोन एकांची ११ ही मूळ आहे. त्यानंतर एकोणीस एकांची, तेवीस एकांची, मग थेट तीनशे सतरा एकांची. अशा मूळ संख्या कोठे तरी संपतात की संपतच नाहीत, हे आजवर जगातील कोणासही सिद्ध करता आलेले नाही. पहिलीतले मूल जो अंक सर्वांत आधी गिरवते, त्याच्यापाशीच मानवी ज्ञानाची सीमा इतकी जवळ येऊन ठेपली आहे. त्या सीमेकडे जाणारी वाट विद्यापीठातूनच निघते असे नाही. डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीस मुलांना शिकविणाऱ्या एका शिक्षकाने ती शाळेच्या वर्गातून काढून दाखविली. आपल्या वर्गात ‘का?’ आणि ‘कोठवर?’ हे दोन प्रश्न रोज एकदा तरी विचारले जावोत, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.